कबुतर की कोंबडी

फेज शहराच्या जुन्या बाजारात चपलांचा बोळ आहे, तिथे तुहामी आणि जिलाली यांची दुकानं समोरासमोर. बोळ इतका चिंचोळा की ओझं लादलेलं गाढव आलं की दोघांनाही पाय आत ओढून घ्यावे लागत. तुहामीनं बसल्या जागेवरून हात लांब केला असता तर तो जिलालीच्या गुडघ्याला लागला असता. पण तीन वर्षं झाली, त्यानं हात लांब केला नव्हता. जिलालीनंही नाही.

कारण ऐकाल तर हसाल. तुहामीला पहिला नातू झाला तेव्हा त्यानं सातव्या दिवशी नाव ठेवायची मेजवानी दिली होती. फेजच्या घरात अशा दिवशी 'बस्तीला' हा पदार्थ हवाच. पापुद्र्यांच्या घड्या, आत कबुतराचं मांस, बदाम, वरून साखर आणि दालचिनी. जिलालीनं पहिला घास तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि भरल्या पंगतीत म्हणाला, "तुहामी, कबुतर झकास पोसलंस रे! पहाटे आरवतही असेल!"

पंगत हसून हसून लोळली. तुहामीच्या व्याह्यांना तर ठसकाच लागला. कबुतर म्हणून कोंबडी वाढली, हा आरोप फेजमधल्या खानदानी माणसावर! तुहामीचं नाक भर पंगतीत कापलं गेलं. त्यानं जिलालीला दारापर्यंत पोचवलंसुद्धा नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद.

बोलणं बंद म्हणजे सरळ बोलणं. बोळात एक एकडोळी मांजरी होती, ती दोन्ही दुकानांच्या मधल्या दगडावर पसरलेली असायची. जे सांगायचं ते तिला सांगायचं. "मनी, काही लोकांचा पसारा पार रस्त्यात आलाय बरं." मग समोरून, "मनी, काही लोकांच्या घरी आरसा नाही वाटतं." लेकी बोले सुने लागे. मांजरी मात्र दोघांचंही ऐकून घेऊन कूस बदलायची.

तर त्या दिवशी सकाळी बोळात एक बाई शिरल्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, डोक्याला मोरपंखी रुमाल घट्ट गुंडाळलेला, आणि ढगाचा मागमूस नसताना काखेत छत्री. बरोबर कोणी नाही. पर्यटकांचा घोळका वाटाड्याच्या मागून पुढे गेला असणार, आणि बाई मागे राहिल्या असणार. चुकलेल्या माणसाची चाल बाजाराला लगेच कळते. त्या प्रत्येक दुकानाशी थांबत, तोंड उघडत, काहीतरी विचारत, आणि पुढचा माणूस हसला की तोंड मिटून पुढे जात.

तुहामीच्या दुकानाशी येऊन त्या बुटक्या स्टुलावर बसल्या. पिशवीतून त्यांनी एक दोरा काढला. दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या. मग आपल्या पायाकडे बोट करून नकार दिला, हवेत मिशा काढून दाखवल्या आणि दोरा पुढे केला.

नवऱ्याच्या पायाचं माप. तुहामीनं दोरा चपलेच्या तळावर धरला, मग त्याहून मोठ्या तळावर, मग दुकानातल्या सगळ्यात मोठ्या तळावर. तरीही दोरा बाहेर लोंबतच राहिला.

"पाय आहे की होडी?" तो पुटपुटला. मग पर्यटकांशी बोलतात तसं त्यानं फ्रेंचमध्ये सांगितलं की एवढा मोठा जोड नाही.

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी छत्री मांडीवर घेतली आणि एकेक शब्द तोलत, स्वच्छ अरबीत म्हणाल्या, "हे चर्मकलानिपुण बंधो, आपण मजशी अरबी भाषेत संभाषण करावे, अशी माझी नम्र विनंती आहे."

तुहामीच्या हातातला तळ खाली पडला. ही अरबी बाजारातली नव्हती, घरातली नव्हती. ही मशिदीतल्या प्रवचनाची, पोथ्यांची आणि रात्रीच्या बातम्यांची अरबी होती. असं बोलणारं माणूस त्याच्या दुकानात आजवर चढलं नव्हतं. या भाषेत कोणी चपला मागितल्याचंही त्याच्या ऐकिवात नव्हतं.

"आपण... आपण कोठून आलात?" त्यानं अडखळत विचारलं.

बाईंचे डोळे चमकले. "मलेशिया देशातून. माझे नाव नूरैनी. मी तीस वर्षे मुलींच्या शाळेत अरबीचे अध्यापन केले. आयुष्यात एकदा अरबांच्या बाजारपेठेत जाऊन अरबीत खरेदी करावी, ही माझी मनीषा होती." इथे त्यांचा आवाज खाली आला. "परंतु येथे मी बोलले की लोक हसतात. गाडीवान इंग्रजीत उत्तरला. पाव विकणारी स्त्री फ्रेंचमध्ये. आणि लोक जे आपसांत बोलतात त्यातील एक अक्षरही मला उमगत नाही. बंधो, खरे सांगा. तीस वर्षे मी त्या मुलींना भलतीच भाषा तर शिकवली नाही ना?"

तुहामी वरमला. आपणही आत्ताच फ्रेंच फेकून मोकळे झालो होतो. त्यानं कातडं कापायची रापी बाजूला ठेवली, टोपी सारखी केली आणि घसा खाकरला. लहानपणी मशिदीतल्या मास्तरांनी छडी मारून शिकवलेलं, दर शुक्रवारी कानावर पडलेलं, बातम्यांतून झिरपलेलं, सगळं गोळा केलं.

"भगिनी," तो म्हणाला, "आपले स्वागत असो. भाषा अगदी... अगदी शुद्ध आहे. आम्हीच अशुद्ध आहोत. आणि आपल्या पतीचे चरण... फार विशाल आहेत."

समोरून जिलाली फस्सकन हसला. मांजरीकडे वळून त्यानं बाजारी बोलीत सुनावलं, "मनी, सांग त्याला, चपलेचा एवढा मोठा लाकडी फर्मा त्याच्या बापजाद्यांनी पाहिला नव्हता. या बोळात तो एकाकडेच आहे, आणि तो माणूस काही त्या बाजूला बसत नाही."

"ते सद्गृहस्थ काय म्हणाले?" नूरैनीबाईंनी विचारलं.

तुहामीची पंचाईत झाली. खरं सांगावं तर गिऱ्हाईक समोर जाणार, आणि खोटं बोलावं तर या प्रवचनाच्या भाषेत जीभ वळेना. शेवटी म्हणाला, "ते... मार्जारीशी बोलत आहेत."

बाई उठल्या आणि अर्धवट वळून जिलालीला म्हणाल्या, "महोदय, आपण मार्जारीस जे सांगितले ते मलाही कळू शकेल काय?"

आता जिलालीची गोष्ट अशी की तरुणपणी तो करवियीनच्या मोठ्या मशिदीत व्याकरण शिकायला जायचा. पुढे बापाचं दुकान अंगावर पडलं आणि शिक्षण सुटलं, पण तोरा सुटला नव्हता. भिजलेल्या कोंबड्यानं पंख झटकावेत तसा तो सरसावून बसला.

"विदुषी," तो म्हणाला, "आपल्या वाणीने आमचा हा क्षुद्र बोळ पावन झाला. मी मार्जारीस एवढेच निवेदन केले की विशाल चरणांस योग्य असा फर्मा मजपाशी आहे."

नूरैनीबाईंनी छातीवर हात ठेवला. "काय सुंदर वाक्यरचना!"

तुहामीच्या अंगाचा तिळपापड झाला. "भगिनी," तो घाईनं म्हणाला, "त्या मनुष्यास कळवा की फर्मा असून काय उपयोग? त्याचे चर्म... त्याचे चर्म..." त्याला म्हणायचं होतं की त्याचं कातडं म्हणजे मेलेल्या उंदराचं. पण पोथीच्या भाषेत मेलेला उंदीर कुठून आणायचा? "त्याचे चर्म माझ्या चर्माइतके उत्तम नाही."

बाईंनी वळून निरोप जसाच्या तसा पोचवला, वर आपल्या पदरचं 'आपले मान्यवर शेजारी असे सुचवू इच्छितात की' जोडून.

"मान्यवर!" जिलाली गुरगुरला. "त्यांस कळवा, विदुषी, की ते एक... एक..." आता त्याची अडचण. 'गाढव' बाजारात म्हटलं की गालावर बसतं. 'गर्दभ' म्हटलं की पाठांतर वाटतं. त्यानं दोन-तीन शिव्या मनात घोळवून पाहिल्या, त्या भाषेत सगळ्यांची टोकं बोथट होती. "ते एक गुणवान कारागीर आहेत, हे मी कधीच नाकारले नाही," तो शेवटी हताश होऊन म्हणाला.

तुहामीनं निरोप ऐकला आणि टोपी काढून पुन्हा घातली. तीन वर्षांत जिलालीकडून आलेला हा पहिला चांगला शब्द. आणि तो रागानं लाल होऊन उच्चारलेला!

एव्हाना बोळ तुंबला होता. कातडी लादलेलं गाढव घेऊन अल्लाल आला होता, आणि एरवी "वाट सोडा, वाट सोडा!" म्हणून कानठळ्या बसवणारा अल्लाल गाढवाच्या मानेवर कोपर टेकून मजा बघत उभा होता. मागून लोक ओरडत होते.

"अरे चल की पुढे! झोपलास का?"

"गप रे!" अल्लाल दोघांना आदराचा 'सी' लावत म्हणाला. "सी तुहामी आणि सी जिलाली बोलतायत!"

"काय सांगतोस! कोणत्या भाषेत?"

"शुक्रवारच्या."

नूरैनीबाईंनी दोघांकडे पाहिलं. तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाई त्या. दोन मुलं एकमेकांशी बोलत नाहीत हे ओळखायला त्यांना वेळ लागत नाही. छत्रीचं टोक त्यांनी दगडावर आपटलं.

"आपण उभयतां प्रत्यक्ष संभाषण का करीत नाही? वैराचे कारण काय?"

तुहामीला वाटलं, टाळावं. पण बाई अशा बघत होत्या की त्याला मास्तरांची छडी आठवली.

"भगिनी," तो म्हणाला, "माझ्या पौत्राच्या नामकरणाचे दिवशी मी प्रीतिभोजन दिले होते. त्या प्रसंगी या गृहस्थांनी, सर्व पाहुण्यांच्या समक्ष, असा आक्षेप घेतला की... की कपोताच्या स्थानी कुक्कुट योजिला आहे."

बोलता बोलता त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तीन वर्षं मनात ही गोष्ट एखाद्या खुनासारखी होती. आता तोंडातून बाहेर पडली ती कपोत आणि कुक्कुट होऊन, लहान मुलांच्या वाचनमालेतल्या धड्यासारखी. ओठाचा कोपरा थरथरायला लागला. त्यानं मिशीवरून हात फिरवून तो कसाबसा दाबला.

"आक्षेप नव्हे," जिलाली म्हणाला. "विनोद. मी म्हणालो की हा कपोत प्रातःकाळी आरवत असावा."

अल्लाल गाढवाच्या गळ्यात पडून हसायला लागला.

नूरैनीबाई हसल्या नाहीत. परीक्षेचा पेपर तपासावा तसा त्यांनी विचार केला. "म्हणजे मूळ प्रश्न असा आहे," त्या म्हणाल्या. "तो पक्षी वस्तुतः कोणता होता?"

"कपोत!" तुहामी गरजला. "ईश्वर साक्षी आहे, कपोत!"

"काय चाललंय इथे? बाजूला व्हा जरा, डबा सांडेल!" गर्दीच्या मागून आवाज आला. तुहामीची बायको बतूल; बोळात सगळे तिला आदरानं लल्ला म्हणत. डोक्यावरची ओढणी सावरत, फडक्यात बांधलेला जेवणाचा डबा छातीशी धरून ती गाढवाच्या पोटाला वळसा घालून पुढे आली. "अल्लाल, हे प्रवचन कसलं?"

"लल्ला, तो बस्तीलाचा खटला चाललाय. कबुतर होतं की कोंबडी."

"अगं बाई, अजून तेच?" बतूलनं डबा दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवला. "कोंबडी होती."

अल्लालचा हात गाढवाच्या गळ्यातून सुटला.

"काय?" तुहामी म्हणाला. पोथीची भाषा कुठल्या कुठे पळाली.

"कोंबडी होती म्हटलं. सगळ्या थाळ्यांत नाही, पण होती. अहो, तुम्ही दिसेल त्याला आवतण देत सुटलात. हमामातला पाणी तापवणारासुद्धा बायकापोरं घेऊन आला. कबुतरं पुरणार कशी? मग मी आणि माझ्या बहिणीनं मागच्या मागे कोंबड्या कापल्या आणि त्या थाळ्या दाराजवळच्या पंगतीला लावल्या. आता सी जिलाली व्याह्यांशेजारची जागा सोडून दाराशी येऊन बसले, त्याला मी काय करू?"

"आणि तीन वर्षं बोलली नाहीस?"

"बोलणार कधी? घरात कबुतराचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठता! छपरावर कबुतर बसलं तरी दगड मारता!"

तुहामीचे कान तापले. धरणी दुभंगावी आणि आपल्याला दुकानासकट पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. तीन वर्षं तो छाती पुढे काढून हिंडला होता. खरं बोलणाऱ्या माणसाचा त्यानं सलाम घेतला नव्हता. त्यानं हळूच समोर पाहिलं.

हा जिलालीचा दिवस होता. सगळा बोळ त्याच्या तोंडाकडे बघत होता. आता तो काय बोलेल, ते पुढची वीस वर्षं बाजारात चहाबरोबर चघळलं जाणार होतं. तुहामीनं मान खाली घातली आणि वाट पाहिली.

जिलालीनं आरी खाली ठेवली. मांजरीकडे पाहिलं नाही, बाईंकडेही नाही. सरळ तुहामीकडे पाहून, रोजच्या साध्या बोलीत म्हणाला, "लल्ला बतूलचा काहीतरी घोळ होतोय. माझ्या थाळीत कबुतरच होतं."

"अहो सी जिलाली, मी स्वतः..."

"कबुतर होतं, लल्ला. हाडं बारीक होती. मी आपली थट्टा केली. माझी जीभच मेली वाईट."

हा माणूस डोळे मिटून नुसत्या वासावरून सांगायचा की मांस कोणत्या खाटकाकडचं. आणि आता भर बाजारात, हातात आलेला डाव टाकून, स्वतःच्या जिभेला शिव्या देत होता. तुहामी उठला. बोळ ओलांडायला एक पाऊल पुरलं.

"थट्टा कसली रे?" तो म्हणाला. "तुझी जीभ खाण्यात कधी चुकलीय? कोंबडी होती."

"कबुतर होतं."

"माझ्या घरचं जेवण तू मला सांगणार? कोंबडी!"

"मी खाल्लंय, तू नाही! कबुतर!"

"हट्टी गाढवा, कोंबडी म्हणतोय ना मी!"

"गाढव तू, तुझा बाप सोडून!"

बोळ नुसता उसळला. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी टोप्या उडवल्या. गाढवाला वाटलं आपल्यालाच हाका मारतायत, तेही सुरात ओरडायला लागलं.

"आता ते काय म्हणत आहेत?" नूरैनीबाईंनी घाबरून अल्लालची बाही धरली. "पुन्हा कलह आरंभला काय?"

अल्लालला पोथीची भाषा येत नव्हती. त्यानं तुहामीकडे बोट दाखवून कोंबडीसारखं क्लक क्लक केलं आणि जिलालीकडे दाखवून कबुतरासारखा घुमला. बाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांच्या भुवया वर गेल्या.

"परंतु यांनी तर बाजू बदलल्या!" त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच इतक्या हसल्या की छत्री हातातून निसटून गटारात पडली.

मग व्हायचं ते झालं. फर्मा जिलालीचा, पण पिवळं कातडं खरोखरच तुहामीचं चांगलं होतं, हे जिलालीनंच हात लावून कबूल केलं. तुहामीनं कापलं, जिलालीनं फर्म्यावर चढवलं, आणि शिलाईला एक चप्पल एकानं, दुसरी दुसऱ्यानं घेतली. तोंडं दोघांची चालूच होती. टाका बारीक की जाड, मेण जास्त की कमी, तीन वर्षांच्या साठलेल्या सगळ्या कुरापती त्यांनी त्या एका दुपारी काढून घेतल्या.

नूरैनीबाईंना बतूलनं सोडलं नाही. डब्यातली मसूर आणि पाव त्यांच्यापुढे ठेवला. बतूलला पोथीची भाषा येत नव्हती आणि बाईंना बाजाराची, तरी दोघी तासभर बोलत होत्या. बतूल एकेक वस्तू उचलायची, बाजारी नाव सांगायची आणि बाईंकडून घोकून घ्यायची. चुकलं की "च्यक्!" करून परत म्हणायला लावायची. तीस वर्षं पोरींना शिकवणाऱ्या बाई खाली मान घालून, शहाण्या मुलीसारख्या पाठ म्हणत होत्या. एकदा तर त्यांनी बतूलचा एक शब्द अचूक ओळखून सांगितलं की हा मूळचा पोथीतलाच आहे, फक्त मधला स्वर कोणीतरी खाल्लाय.

"कोणी खाल्ला म्हणतात या?" बतूलनं विचारलं.

"जिलालीनं खाल्ला असेल," तुहामी म्हणाला. "दाराशी बसला होता ना."

उन्हं कलली तेव्हा वाटाड्या धापा टाकत आला, आणि त्याच्यामागे बाईंचे यजमान, झुल्किफ्ली. सगळा बोळ आधी त्यांच्या पायांकडे बघायला वाकला. माणूस बायकोपेक्षाही बुटका, किडकिडीत, पण पाय असे की लोकांनी मनापासून अल्लाचं नाव घेतलं. त्यांनी चपला चढवल्या, दोन पावलं टाकली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक मोठं, शांत हसू पसरलं. बायकोशी ते आपल्या भाषेत काहीतरी बोलले.

"माझे पती म्हणतात," नूरैनीबाईंनी सांगितलं, "की जन्मात प्रथमच त्यांच्या पायांना कोणी अवघडल्यावाचून सामावून घेतले आहे."

निघताना त्यांनी दोघांपुढे मान लववली. काहीतरी लांबलचक, सुंदर पोथीतलं बोलणार म्हणून तुहामी आणि जिलाली टोप्या सावरून उभे राहिले. पण बाईंनी बतूलकडे पाहिलं, ओठ हलवून मनात एकदा उजळणी केली, आणि ठसक्यात, थेट बाजारी बोलीत म्हणाल्या, "चला, येते हं! जीव लावलात मेल्यांनो!"

बतूलनं तोंडावर ओढणी धरली. ते शिकवल्याचं ती नंतर साफ नाकारत होती.

संध्याकाळी तुहामीनं दुकानाची फळी लावली. बतूल पुढे गेली होती. समोर जिलालीही कुलूप घालत होता. दोघं एकदमच निघाले, आणि वाट एकच असल्यामुळे बरोबर चालावं लागलं. दुपारची सगळी भांडणं संपली होती, आणि नवीन काय काढावं हे दोघांनाही सुचत नव्हतं.

कारंजाशी वाट फुटते, तिथे जिलाली थांबला. ओंजळीनं पाणी प्यायला, मिशी पुसली.

"माझ्या मेकनेसला दिलेल्या लेकीला मुलगी झाली," तो कारंजाकडे बघत म्हणाला. "आता दीड वर्षाची झाली."

तुहामीला ते माहीत होतं. बातमी आली त्या दिवशी जिलालीनं अख्ख्या बोळाला खजूर वाटले होते, आणि समोरच्या दुकानात पाठ करून बसलेल्या तुहामीनं शब्दन् शब्द ऐकला होता. पोरीचं वजन, कोणावर गेली, आणि पुढे नाव काय ठेवलं, दात कधी आला, सगळं. घरी जाऊन बतूललाही सांगितलं होतं.

"हो का!" तो कारंजाच्या कट्ट्यावर बसत म्हणाला. "अरे वा! नाव काय ठेवलं?"

जिलाली त्याच्या शेजारी बसला आणि सांगायला लागला.